जुना एक्सटी, मागे ९ पिनी सॉकेट, समोर २४ इंची एलसीडी... चित्र कसं आणायचं?

पेठवडगावकर
नमस्कार मंडळी. बाबा ज्या पतसंस्थेत होते तिथला एक पीसी-एक्सटी क्लोन (आयबीएमच्या ऐंशीच्या दशकातल्या पीसीची नक्कल) ऑफिस हलवताना भंगारात चालला होता, तो मी उचलून घरी आणलाय. डबा चालू होतो, मेमरी मोजून झाली की एक बीप देतो, मग फ्लॉपी ड्राइव्हचा लाइट लागतो आणि तो खर्रर्र आवाजही येतो, म्हणजे जीव आहे. पण त्याच्याबरोबरचा अंबर मॉनिटर गेलाय, बटण दाबलं की नुसती टिकटिक. माझ्याकडे साधा २४ इंची एलसीडी आहे, त्याला व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही आहेत. लॅमिंग्टन रोडवरून ९ पिनी ते १५ पिनी कन्व्हर्टर आणला, छोटासा, आत काही नाही नुसत्या तारा, दुकानदार म्हणाला शंभर टक्के चालतो. लावला तर "नो सिग्नल". कन्व्हर्टर खराब, केबल खराब की कार्ड गेलं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. बजेट फार नाही, सोल्डरिंग जेमतेम येतं.

डॉसबाबा
पहिलं काम, तो कन्व्हर्टर काढून ठेवा. आत्ता. वाचून झाल्यावर नाही.

कारण सांगतो. हा कन्व्हर्टर ज्या काळात बनायचा तेव्हा काही मल्टिसिंक मॉनिटरना व्हीजीएचा अॅनालॉग सिग्नल ९ पिनी प्लगमधून जायचा, त्यात १, २, ३ वर लाल हिरवा निळा, ४ आणि ५ वर सिंक (ओळ आणि चित्र कधी सुरू होतं ते सांगणारा सिग्नल), आणि ६ ते ९ सगळे ग्राउंड. आता तुमचं कार्ड मोनो, म्हणजे एकरंगी, असेल (मला तसंच वाटतंय) तर त्याच्या ६ वर इंटेन्सिटी, ७ वर व्हिडिओ, ८ वर हॉरिझॉन्टल सिंक, ९ वर व्हर्टिकल सिंक. म्हणजे कन्व्हर्टर लावला की कार्डाचे चारच्या चार आउटपुट ग्राउंडला टेकतात आणि मॉनिटर ज्या पिनेवर सिंक शोधतोय तिथे काहीच नाही. "नो सिग्नल" दिसणारच. थोड्या वेळाने काही बिघडत नाही बहुतेक, पण तासभर तसाच चालू ठेवला तर त्या बिचाऱ्या चिपची हमी नाही.

दुसरं, सीरियल पोर्टही ९ पिनीच असतो. पीसीच्या मागे सीरियल म्हणजे टोचणाऱ्या पिना बाहेर असलेला, व्हिडिओ म्हणजे भोकं असलेला. सीरियलवर १२ व्होल्टपर्यंत प्लस-मायनस खेळतं, तिथे मॉनिटरसाठी बनवलेली केबल चुकूनही नको.

आता कार्ड ओळखू. झाकण उघडून बघा आणि सांगा: (१) त्याच कार्डाच्या पट्टीवर प्रिंटरचा २५ पिनी सॉकेट आहे का? (२) गोल आरसीए जॅक आहे का, एक की दोन? (३) कार्डावरच्या क्रिस्टलवर काय आकडा आहे? फोटो टाकला तर उत्तम.

टिकलीबॉम्ब
एवढा कुटाणा कशाला राव, डॉसबॉक्स (जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) टाका लॅपटॉपवर, पाच मिनिटात सगळं चालतंय, वीजही वाचेल. ह.घ्या.

डॉसबाबा
हलकेच घेतलं. पण त्याच्या हार्डडिस्कवर काय आहे ते डॉसबॉक्सला कसं कळणार?

पेठवडगावकर
डॉसबाबा, काढला कन्व्हर्टर. धन्यवाद.

(१) हो, त्याच पट्टीवर प्रिंटरचा सॉकेट आहे. (२) आरसीए वगैरे काही नाही. (३) चांदीच्या डबीवर १६.२५७ लिहिलंय. आणि एक लांबलचक ४० पायांची चिप आहे, तिच्यावर ६८४५ असं दिसतंय, पुढचं पुसट. कार्डावर कंपनीचं नाव कुठेच नाही.

सोल्डरताई
मग प्रश्न जवळपास मिटला, ते बहुतेक हर्क्युलिस क्लोन आहे. प्रिंटर पोर्टसकट मोनो कार्ड ही आयबीएमने १९८१ साली पहिल्या पीसीबरोबर काढलेल्या एमडीएची पद्धत, त्या कार्डावर फक्त अक्षरं यायची. १९८२ साली हर्क्युलिसने त्याच मॉनिटरवर ७२० गुणिले ३४८ ग्राफिक्स आणलं, आणि मग तैवानमधून त्याचे इतके क्लोन आले की आपल्याकडे बँका, सीए, सरकारी कचेऱ्या, कॉम्प्युटर क्लासेस, जिकडे तिकडे तेच. कलर मॉनिटर परवडायचा कोणाला. आरसीए जॅक एक असता तर सीजीए (आयबीएमचं पहिलं कलर कार्ड) म्हटलं असतं, दोन आणि शेजारी छोटे स्विच असते तर ईजीए (त्याच्या पुढचं). क्रिस्टल १६.२५७ ईजीएवरही सापडतो म्हणून एकट्या क्रिस्टलवर जाऊ नये, पण प्रिंटर पोर्ट, ६८४५ (मॉनिटरचा सिंक बनवणारी चिप) आणि १६.२५७ एकत्र म्हटल्यावर मोनो कार्डच, याबद्दल शंकेला जागा नाही.

आता मूळ मुद्दा, कारण पुढे येणाऱ्या सगळ्यांचं इथेच अडतं. प्लगचा आकार विसरा. दोनच प्रश्न विचारायचे: सिग्नल टीटीएल आहे की अॅनालॉग, आणि हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला काढलेल्या ओळी, किती.

टीटीएल म्हणजे तारेत एकतर शून्य नाहीतर पाचच्या आसपास व्होल्ट, मधलं काही नाही. एमडीए, हर्क्युलिस, सीजीए, ईजीए सगळे टीटीएल. व्हीजीए १९८७ साली आयबीएमच्या पीएस/२ बरोबर आलं आणि तिथून सिग्नल अॅनालॉग झाला, ० ते ०.७ व्होल्ट, मधल्या सगळ्या छटांसकट. फ्रिक्वेन्सीचं म्हणाल तर सीजीए १५.७ किलोहर्ट्झ, हर्क्युलिस १८.४, ईजीए ३५० लायनींच्या मोडला २१.८५ (आणि २०० लायनींच्या मोडला परत १५.७), व्हीजीए ३१.५. तुमचा एलसीडी बहुतेक ३० च्या खाली बघतच नाही. म्हणजे अगदी योग्य पिना योग्य जागी जोडून, रझिस्टन्स टाकून व्होल्टेज उतरवून दिलं तरी तो "आउट ऑफ रेंज" म्हणणार. ओळींचा वेगच त्याला झेपत नाही, त्यामुळे मधे काहीतरी असं हवं जे चित्र साठवून किंवा ओळी दुप्पट करून पुढे देईल.

पर्याय तुमच्यासाठी:

सगळ्यात स्वस्त, कार्डच बदला. ८ बिट स्लॉटमध्ये चालणारं आयएसए व्हीजीए कार्ड मिळालं तर लावा, साधी व्हीजीए केबल, एलसीडी चालू. काही १६ बिटी कार्डंही ८ बिट स्लॉटात निमूट चालतात, काही अजिबात नाही, विकणाऱ्याला विचारून घ्या. मदरबोर्डवर स्विचचा एक डबा असेल, अस्सल एक्सटीवर त्यातले ५ आणि ६ दोन्ही ऑन म्हणजे "डिस्प्ले कार्ड स्वतःचं बायोस घेऊन आलंय", क्लोनवर बोर्डाचा कागद बघावा. तोटा एवढाच की हर्क्युलिसच्या ग्राफिक्ससाठी लिहिलेले प्रोग्राम त्यावर चालणार नाहीत. पतसंस्थेचा हिशोब टेक्स्टमध्येच असणार, त्याला काही फरक नाही.

दुसरा, आणि माझ्या मते मशीनशी प्रामाणिक, आरजीबी टू एचडीएमआय. रास्पबेरी पाय झिरोवर एक छोटा बोर्ड बसतो, त्यावरची लॉजिक चिप ५ व्होल्ट सहन करते, ती प्रत्येक पिक्सेल नेमक्या वेळी उचलते आणि पाय तो एचडीएमआयने बाहेर देतो. टीटीएल सिग्नल मुळातच शून्य-एक असल्यामुळे मधे काही हरवतच नाही, अक्षरं कापल्यासारखी धारदार येतात. ब्रिटनमधल्या बीबीसी मायक्रो या ऐंशीच्या दशकातल्या कॉम्प्युटरवाल्यांनी स्वतःच्या मशीनसाठी हे सुरू केलं, सगळं खुलं आहे, नंतर त्यात सीजीए, ईजीए, एमडीए, अमिगा सगळ्यांचे प्रोफाइल आले.

तिसरा, तो हिरवा चिनी बोर्ड जीबीएस-८२००. सगळे आधी तोच सुचवतात म्हणून मुद्दाम लिहिते. तुमच्यासाठी नको. तो आर्केड गेम मशीनसाठी बनलेला आहे, त्याला साधारण १५, २४ आणि ३१ किलोहर्ट्झ समजतं. बोर्डावर "ईजीए" छापलंय पण ते आर्केडवाल्यांचं २४, आयबीएमच्या ईजीएचं २१.८५ नाही. तुमचं १८.४ तर दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात पडतं.

एलओटी_काका
तुम्ही पोरं लगेच बोर्ड मागवायला निघता. मी आयुष्यभर टीव्ही दुरुस्त केले, मोनो मॉनिटरही भरपूर. टिकटिक करतोय म्हणजे सप्लाय चालू व्हायचा प्रयत्न करतोय आणि पुढे कुठेतरी शॉर्ट बघून परत बसतोय. हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर बघायचा, नाहीतर एलओटी (लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर), नाहीतर सप्लायचे वाळलेले कंडेन्सर. एलओटीच्या पायांशी ड्राय सोल्डर झालेलं असतं, भिंगातून बघितलं की पायाभोवती बारीक गोल चीर दिसते. मोनो मॉनिटरसारखं सोपं सर्किट दुसरं नाही. आणि अंबर रंगातली ती अक्षरं काळ्या काचेवर जशी दिसतात तशी तुमच्या एलसीडीवर कधी दिसणार नाहीत, तिथे काळा म्हणजे राखाडी.

एक मात्र, स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबच्या रबरी टोपीखाली हजारो व्होल्ट असतात आणि वायर काढून ठेवली तरी बराच वेळ राहतात. ज्याला ट्यूब डिस्चार्ज करता येते त्याच्याकडेच न्या. गावात एखादा जुना मेकॅनिक असेलच अजून.

सोल्डरताई
काका, सहमत, मॉनिटर फेकू नका असं मीही म्हणेन. पण आज एलओटी गेलेला निघाला तर त्या मॉडेलचा नवा मिळणार कुठून?

एलओटी_काका
ते खरं आहे. जुन्या मॉनिटरमधून काढायचा. तेवढ्यासाठी जुने मॉनिटर लोकांनी भंगारात घालू नयेत ही विनंती.

अजून एक ऐकून ठेवा. काही मोनो मॉनिटरमध्ये आडव्या स्कॅनिंगचं सर्किट कार्डाकडून येणाऱ्या सिंकवरच चालतं, स्वतःचं ऑसिलेटर नाही. आयबीएमचा ५१५१ तसाच. त्याला सीजीए कार्ड लावलं, की १८ च्या जागी १५ किलोहर्ट्झ जातात आणि आउटपुट स्टेज तापून जाते. प्लग बसतो ना, मग चालेल, या हिशोबाने पूर्वी बरेच मॉनिटर मेलेत.

तपकीरगल्ली
धागा वाखू (वाचनखूण) साठवला. थोडं अवांतर, पण विषय तोच. माझ्याकडे डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर आहे, पुण्याच्या डेसिबेल्सने इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीच्या परवान्याखाली बनवलेला, ऐंशीच्या दशकातला. मामाने घेतला होता, माळ्यावर होता. त्याला मॉनिटर पोर्टच नाही, फक्त टीव्हीच्या अँटेनाला जाणारी तार. नवीन टीव्हीत ट्यून करून बघितलं, मुंग्याच मुंग्या. हा कसा जोडायचा? अजून पॉवरही धड दिलेली नाही, अॅडॉप्टर हरवलाय.

डॉसबाबा
अरे वा, पुण्याचा स्पेक्ट्रम! आधी अॅडॉप्टरबद्दल, कारण इथेच मशीन मरतं. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि प्लगची मधली पिन निगेटिव्ह असते. आजकालचे जवळजवळ सगळे अॅडॉप्टर मधली पिन पॉझिटिव्हवाले. घरात पडलेला राउटरचा अॅडॉप्टर लावून बघू असं मनातही आणू नका. दीड-दोन अँपिअरचा ९ व्होल्ट घ्या, पोलॅरिटी उलटी करून सोल्डर करा, मल्टिमीटरने बघा, मगच लावा.

आता चित्र. मशीनच्या आत डावीकडे वरती पत्र्याची डबी आहे, तो आरएफ मॉड्युलेटर. आतून बोर्डाकडून त्या डबीत दोन तारा जातात, एक ५ व्होल्ट आणि एक कंपोझिट व्हिडिओ. म्हणजे टीव्हीच्या एव्ही इनपुटला लागणारा सिग्नल मशीनच्या आत तयारच आहे, डबी फक्त त्याला अँटेनाचं रूप देते. लोक काय करतात, की ५ व्होल्टची तार डबीपासून सोडवतात, सॉकेटच्या मधल्या पायाला डबीतून येणारा रझिस्टन्स सोडवतात आणि व्हिडिओची तार सरळ त्या पायाला जोडतात. झालं. मागचा तोच सॉकेट आता कंपोझिट देतो, पिवळी केबल लावा आणि टीव्ही एव्हीवर टाका. काही जण मधे शंभर मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घालतात, काही एक ट्रान्झिस्टरचा बफर, पण बऱ्याच टीव्हींवर त्याशिवायही येतं. परत पूर्ववत करता येतं, काही कापून टाकायची गरज नाही.

उघडताना कीबोर्डच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या जपा. वयाने कडक होतात, सॉकेटमधून ओढताना वाकल्या की तडकतात आणि मग अख्खी ओळ चालत नाही. झाकण झटक्यात उचलायचं नाही, एका बाजूने थोडं उघडून आधी पट्ट्या सरळ वर ओढून घ्यायच्या.

तपकीरगल्ली
मंडळ आभारी आहे. माझ्या टीव्हीला पिवळा सॉकेट नाही, सगळे एचडीएमआय. बाजारात एव्ही टू एचडीएमआय डबी मिळते ती चालेल का?

लेस्टरकर
चालेल, पण मनापासून नाही. मी इकडे इंग्लंडात अमिगा ५०० (कमोडोरचा घरगुती कॉम्प्युटर) वर याच सगळ्यातून गेलोय म्हणून लिहितो. जुनी घरगुती मशीनं टीव्हीला अर्ध्याच ओळी देतात, इंटरलेस न करता, दर सेकंदाला ५० वेळा तेच पूर्ण चित्र. स्वस्त डबीला वाटतं हे इंटरलेस्ड आहे, मग ती दोन चित्रं एकमेकात गुंफायला जाते आणि हलणारी प्रत्येक गोष्ट दातेरी दिसते, शिवाय उशीर होतो, गेम खेळताना उडी मारली की ती नंतर कधीतरी पडते. अक्षरं वाचायला, बेसिकमध्ये दोन ओळी टाइप करायला ठीक आहे.

अमिगाचं चित्र अॅनालॉग आरजीबी, १५.६ किलोहर्ट्झ, २३ पिनी प्लगमधून. हा २३ पिनी प्लग दुकानात सहज मिळत नाही, लोक २५ पिनी आणून हॅकसॉने दोन पिना कापतात, मीही तेच केलं, दिसायला भयाण पण घट्ट बसतो. जपून मात्र, त्याच प्लगवर प्लस १२, प्लस ५ आणि मायनस ५ व्होल्टही आहेत. इथे स्कार्ट (युरोपातल्या टीव्हींचा सॉकेट) केबलची सोय असल्यामुळे मी स्कार्ट केली आणि पुढे ओएसएससी लावला. ओएसएससी म्हणजे ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर, आत एफपीजीए (हवी तशी रचता येणारी चिप), तो चित्र साठवत नाही, ओळ आली की दुप्पट-तिप्पट-पाचपट करून लगेच पुढे ढकलतो, त्यामुळे उशीर जवळजवळ शून्य. किंमत अमिगापेक्षा जास्त पडली असं बायको म्हणते ते वेगळं. आणि त्याचा एक हट्ट आहे, ५० हर्ट्झ आत तर ५० हर्ट्झच बाहेर, त्यामुळे मॉनिटर ५० घेणारा पाहिजे. टीव्ही बहुतेक घेतात, कॉम्प्युटर मॉनिटर काही घेतात काही नाही, विकत घ्यायच्या आधी मित्राचा आणून लावून बघा.

शाळामास्तर
बीबीसी मायक्रोचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. १९८४-८५ मध्ये क्लास प्रकल्प आला, शाळांमधून संगणक साक्षरता, तेव्हा शाळांना बीबीसी मायक्रोच दिले होते. आमच्या शाळेतला एक अजून कपाटात आहे. त्याला मागे तीन तऱ्हेचे व्हिडिओ आउटपुट आहेत, टीव्हीचा, एक गोल बीएनसी आणि एक ६ पिनी. बीएनसीवरून टीव्हीला जोडला तर काळंपांढरं येतं. रंग गेलेत का?

सोल्डरताई
सर, रंग गेले नाहीत, बीएनसीवर तो मुळातच काळंपांढरं देतो, आत बोर्डावर एक लिंक जोडली की त्यातही रंग येतो. पण ती करत बसू नका. ६ पिनी डिनवर टीटीएल आरजीबी आहे, तोच घ्या, वर म्हटलेला आरजीबी टू एचडीएमआय बोर्ड मुळात याच मशीनसाठी जन्मला. टेलिटेक्स्टचा मोड ७ त्यावर बघण्यासारखा दिसतो.

एक मोठी सूचना. कपाटातून काढून लगेच प्लग लावू नका. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सला दोन कागदी फिल्टर कंडेन्सर असतात, पारदर्शक पिवळट, त्यांना वयाने भेगा पडतात आणि ओल शिरते. चालू केल्यावर काही मिनिटांनी फट्ट करून पांढरा धूर आणि अख्ख्या वर्गात वास. मशीन सहसा वाचतं पण मुलं वाचत नाहीत हसून हसून. आधी ते दोन बदलून घ्या.

चारशेशहाऐंशी
माझा प्रश्न वेगळा. माझ्याकडे ४८६ आहे, साधं व्हीजीए, एलसीडीवर चित्र येतं. पण डॉसची अक्षरं अधूनमधून जाड-बारीक दिसतात, जणू काही उभ्या रेघा ओढल्यात. आणि गेम सगळे आडवे ताणलेले, राक्षस जाडे झालेत.

डॉसबाबा
हा एलसीडीचा गोंधळ, कार्ड ठणठणीत आहे. डॉसचा टेक्स्ट मोड ७२० गुणिले ४००, ७० हर्ट्झ. गेमचा ३२० गुणिले २०० मोड कार्ड दुप्पट करून ६४० गुणिले ४०० असा पाठवतं, तोही ७० हर्ट्झ. दोन्हीची आडवी फ्रिक्वेन्सी तीच ३१.४७, ओळी तेवढ्याच, सिंकची पोलॅरिटीही सारखीच. फरक फक्त पिक्सेल क्लॉकमध्ये, एक २८.३२२ मेगाहर्ट्झ आणि एक २५.१७५. आणि पिक्सेल क्लॉक व्हीजीएच्या तारेतून जातच नाही! सीआरटीला (जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरला) काही फरक पडायचा नाही, इलेक्ट्रॉनचा झोत सरकत राहतो, त्याला पिक्सेल मोजायचेच नसतात. एलसीडीला मात्र अंदाज करावा लागतो आणि बरेच मॉनिटर सरसकट ६४० धरतात. ७२० ठिपके ६४० मध्ये कोंबल्यावर नऊतला एक ठिपका शेजाऱ्याच्या अंगावर चढणारच.

काय करता येईल: मॉनिटरच्या मेनूत "क्लॉक" आणि "फेज" असेल तर टेक्स्ट स्क्रीन भरून ठेवून (डीआयआर मारा) हाताने फिरवा, क्लॉक वाढवत गेलात की उभे पट्टे कमी होत होत नाहीसे होतात, मग फेज. ऑटो अॅडजस्ट काळ्या स्क्रीनवर दाबू नका, त्याला कडा सापडत नाहीत. ओएसएससी असेल तर त्यात एका ओळीचे एकूण सॅम्पल ९०० ठेवायचे टेक्स्टला आणि ८०० गेमला.

ताणलेल्याचं सोपं आहे, मॉनिटरमध्ये ४:३ पर्याय शोधा. ३२० गुणिले २०० चे पिक्सेल चौकोनी नसतात, थोडे उभट असतात, ४:३ च्या काचेवर भरून दिसावेत असंच ते गेम काढलेत. आणि स्क्रोल होताना दर थोड्या वेळाने हलका झटका जाणवला तर मॉनिटर ७० चं ६० करतोय, दर सेकंदाला दहा चित्रं गाळतोय. ७० किंवा ७५ हर्ट्झ खरोखर दाखवणारा मॉनिटर शोधणं हाच उपाय.

फॉन्टवाला
आमच्या डीटीपीच्या जुन्या मॅकचंही सांगून टाका कोणीतरी. १५ पिनाच आहेत पण दोन ओळीत.

सोल्डरताई
मॅक सोपा आहे. सिग्नल अॅनालॉगच, १३ इंची मॉनिटरच्या ६४० गुणिले ४८० मोडला ३५ किलोहर्ट्झ, एलसीडीच्या टप्प्यात बसतो. मॅक ते व्हीजीए अॅडॉप्टर घ्या, छोट्या स्विचवाला. मॅक चालू होताना काही पिनांवरून विचारतो की कुठला मॉनिटर लावलाय, ते उत्तर हे स्विच देतात. म्हणून स्विच आधी लावायचे, मग मॅक चालू करायचा, चालू असताना फिरवून उपयोग नाही. एखाद्या मोडला सिंक हिरव्यातून येतो किंवा एकत्र येतो, तसं झालं तर दुसरा मोड निवडा.

पेठवडगावकर
मंडळी, अपडेट. आधी सोल्डरताईंच्या "आधी फ्रिक्वेन्सी" प्रमाणे मल्टिमीटर हर्ट्झवर टाकून काळी पिन १ वर आणि लाल ८ वर धरली. १८.४३ किलोहर्ट्झ! ९ वर ४९.८. अगदी पुस्तकातल्यासारखं. कार्ड जिवंत आहे हे तिथेच कळलं, एवढं बरं वाटलं की काय सांगू.

मग आरजीबी टू एचडीएमआयचा टीटीएल बोर्ड मागवला, बोर्ड तयार सोल्डर केलेला घेतला कारण त्या लॉजिक चिपचे पाय बघूनच हात थरथरले. पाय झिरो आधीच होता घरी. काल रात्री लावला, प्रोफाइल एमडीए-हर्क्युलिस निवडलं, सुरुवातीला चित्र डावीकडे सरकलेलं होतं आणि काही अक्षरांचे ठिपके चकाकत होते, मेनूत सॅम्पलिंगचं कॅलिब्रेशन चालवल्यावर शांत झालं. रंग अंबर करता येतो, केला. बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून डॉसच्या सी प्रॉम्प्टकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि न विचारता डीआयआर, स्लॅश, डब्ल्यू मारलं. मला तर स्लॅश डब्ल्यू माहीतही नव्हतं. हार्डडिस्कवर वर्डस्टारच्या फाइली आहेत आणि डीबेसचा खातेदारांचा मेनू जशाच्या तसा उघडतोय.

काका, मॉनिटर फेकलेला नाही. कोल्हापूरला एक मेकॅनिक सापडलेत, पुढच्या महिन्यात नेतो.

एलओटी_काका
शाब्बास. जाताना ट्यूबची मान जपा, मागचा निमुळता भाग. गाडीत काच खालच्या बाजूला करून गादीवर ठेवायचा.

चाळकरी
अभिनंदन! मी सीजीएवाला. माझ्याकडे त्या जीबीएस बोर्डावर चित्र आलंय, १५.७ त्याला समजतं, प्रत्येक रंगाच्या तारेत ४७० ओहम टाकून व्होल्टेज उतरवलं. पण दोन गोष्टी. सगळे रंग एकाच उजेडाचे, गडद आणि फिका फरक नाही, म्हणजे १६ च्या जागी ८ च दिसतात. आणि जिथे तपकिरी पाहिजे तिथे मेहंदीसारखा पिवळा.

सोल्डरताई
पहिलं, तुम्ही पिन ६ जोडलीच नाहीत बहुतेक. सीजीएत लाल-हिरवा-निळा ३, ४, ५ वर आणि चौथी तार इंटेन्सिटी, ती ६ वर. ती तिन्ही रंगांत थोडी थोडी मिसळायची असते, प्रत्येक रंगाला वेगळा रझिस्टन्स आणि डायोड घालून, नाहीतर एका रंगाचं व्होल्टेज दुसऱ्यात गळतं.

दुसरं जास्त मजेशीर. हिशोबाने रंग क्रमांक ६ म्हणजे लाल अधिक हिरवा, म्हणजे गडद पिवळाच. पण आयबीएमच्या ५१५३ कलर मॉनिटरमध्ये मुद्दाम एक सर्किट घातलं होतं, नेमका हा एक रंग आला की हिरवा अर्ध्यावर आणायचा, म्हणून तो तपकिरी दिसायचा. कार्डात तपकिरी कधीच नव्हता, तो मॉनिटरने केलेला होता. रझिस्टन्सच्या जाळ्याला हे कळत नाही. एकतर दोन-तीन लॉजिक गेट जोडून तेच सर्किट बनवा (लाल आहे, हिरवा आहे, निळा नाही, इंटेन्सिटी नाही, मग हिरवा ओढून खाली), नाहीतर पेठवडगावकरांचा बोर्ड घ्या, त्यात पॅलेटमध्ये तो रंग आधीच बरोबर भरलाय.

चाळकरी
गेट जोडतो, चिपा पडल्यात घरी. झालं की फोटो टाकेन.

पेठवडगावकर
आता पुढची अडचण, वर्डस्टारच्या फाइली एक्सटीतून बाहेर काढायच्या कशा? फ्लॉपी ३६० केबीची सव्वापाच इंची आणि माझ्या लॅपटॉपला फ्लॉपीच नाही.

डॉसबाबा
मागे तो टोचणाऱ्या पिनांचा ९ पिनी आहे ना, तोच. नल मोडेम केबल (दोन कॉम्प्युटर सरळ जोडणारी सीरियल केबल) आणि यूएसबी ते सीरियल. नवीन धागा काढा, इथे नको, लिहितो तिकडे.